तांब्याच्या बेटाचा ल

शहरातून आलेली मुलगी यंत्र टेबलावर ठेवते.
इन्नोकेन्ती पेत्रोविच, म्हणा, 'मी बसतो'.
आता म्हणा, 'मी बसलो'.
बाबा म्हणतात, बसलोच आहे की, सकाळपासून.

हे रशियनमध्ये. मग खुर्ची मागे सरकवून
त्या दुसऱ्या भाषेत काहीतरी पुटपुटतात
आणि मुलीची पेन्सिल धावत सुटते.

मी चहा ओतते. निकोल्स्कोयेच्या पोस्टात असते मी.
टपाल आठवड्याला एकदा, धुकं नसेल तर.
धुकं असतंच.
मला ती भाषा कळते, बोलता येत नाही,
दुसऱ्याच्या नावाचं पत्र हातात असावं तशी.

मुलगी विचारते, ही झाली कशी?
आम्ही झालो तशी, बाबा म्हणतात.
कंपनीच्या जहाजांनी आलूत आणले लांबच्या बेटांवरून,
सीलची कातडी सोलायला.
मागोमाग सायबेरियाचे सुतार, शिपाई,
कुणी पळून आलेले, कुणी पाठवून दिलेले.
तांब्याच्या बेटावर झाड नाही.
समुद्र टाकेल ते लाकूड, त्याचंच घर:
तुळई फुटक्या जहाजाची, आडवे वासे देवमाशाच्या बरगड्या.
बोलणंही तसंच उभं राहिलं.
क्रियेचं मूळ आईकडचं: बसणं, सोलणं, वल्हवणं, भिणं.
शेपूट बापाकडचं: कुणी केलं, कधी केलं.
जोडलं पोरांनी, किनाऱ्यावर भांडता भांडता.
मोठ्यांनी कानाखाली काढल्या, नीट बोला म्हणून.
कुठलं नीट, ते मात्र कुणालाच सांगता येईना.

होऊन गेलेल्या प्रत्येक गोष्टीच्या टोकाला त्यात एक ल असतो.
बापाकडचा ल.
जीभ टाळूला टेकते आणि सोडून देते.

सत्तर साली हुकूम आला: हे बेट परवडत नाही.
सगळ्यांना बोटीत घातलं.
आईने पडदे घेतले. बाबांनी घराचं दार उचकटून घेतलं.
इथल्या खोलीला दार होतंच.
ते दार अजून पलंगाखाली आहे,
सफाईच्या वेळी दरवेळी माझ्या नडग्यांना लागतं.

शाळेत त्या भाषेला भाषा म्हणत नसत.
पुस्तकात ती कधीच नव्हती.
टिकली ती चोरीच्या लाल माशावर.
बाबा आणि तेरेन्तीकाका, दोन बोटी, दोन वायरलेस,
जाळं कुठे आहे, तपासनीस कुठे आहे,
सगळं उघड्यावर, मोठ्या आवाजात,
आणि तपासनीस कानाला यंत्र लावून
बिचारा वैतागलेला.
वीस वर्षं आम्ही त्या व्याकरणावर जेवलो.

हे मुलीला सांगू नकोस, बाबा डोळ्यांनी म्हणतात.
मी सांगते.
ती हसते, मग हसणं लिहावं की नाही या विचारात पडते.

तेरेन्तीकाका गेला त्याला सहा वर्षं झाली.
बाबा अजून संध्याकाळी सहाला वायरलेस लावतात.
बोलत नाहीत. खरखर ऐकतात थोडा वेळ,
बंद करतात, औषध घेतात.

हेलिकॉप्टर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही.
मुलीच्या यंत्रातली बॅटरी संपली,
आमच्या दुकानात त्या मापाची मिळत नाही.
ती बटाटे सोलायला बसली माझ्याबरोबर,
जाड सालं काढत, शहरातल्यासारखी.

चौथ्या दिवशी वारा फिरला, धुराडं उलटं ओकायला लागलं.
बाबा मोरीच्या अंगाने ओरडले
काहीतरी घाईचं, त्या भाषेत, कुणालाच उद्देशून नाही.
मी हात पुसेपर्यंत
ती उठली, बादली घेऊन धावली,
निखाऱ्यांवर पाणी ओतलं, खिडकी उघडली.

तिघंही खोकत होतो.
तिची वही टेबलावर तशीच, मिटलेली.
बाबा तिच्याकडे पाहत राहिले,
मग म्हणाले, बस.

ती बसली.